देवाची मेंढी कोणाच्या नावावर

लळिंगचा घाट उतरलो आणि मेंढी सडकेच्या मधोमध उभी राहिली. पुढे पाऊल टाकीना. मागून ट्रक आला, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, काच खाली करून एक शिवी दिली. तानुबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेंढीच्या पोटाखाली हात घालून तिला कडेला घेतली, निंबाच्या सावलीला बसवली आणि मला म्हणाली, "बसा शेठाणी. ती थकनी शे. गाभण शे ना."

थकले तर मीही होते. जूनचा महिना, पावसाचा पत्ता नाही, आग्रा रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं. आम्ही चौघीजणी पहाटे गावातून निघालो होतो. तानुबाई, तिची सून बेबा, तानुबाईचीच विधवा नणंद मंजुळाबाई, आणि मी. धुळ्याला कचेरीत जायचं होतं. एस.टी.ने गेलो असतो, पण कंडक्टर मेंढीला घेईना. "माझ्याकडे मेंढीचं तिकीट नाही," म्हणाला आणि घंटी ओढली. मेंढीला सोडून तानुबाई येईना, कारण मेंढीलाच कचेरीत न्यायचं होतं. तसा साहेबांचा निरोप होता.

निरोप कसला, टोमणा होता. पण तानुबाईने तो शब्दाला शब्द धरला होता.

तानुबाई ठेलारी. मेंढ्या घेऊन वर्षाचे आठ महिने फिरणारे हे लोक. साक्रीकडून निघायचे, तापी ओलांडून यावल, फैजपूर, रावेरपर्यंत जायचे, आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचे. तानुबाईचा जन्म फैजपूरजवळ एका केळीच्या मळ्याच्या बांधावर झाला, असं ती सांगायची. कोणत्या साली ते तिला ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला तिचा मुक्काम दर उन्हाळ्यात. आमचं दुकान आणि थोडी शेती. तिच्या मेंढ्या आमच्या शेतात रात्रीच्या बसायच्या. संध्याकाळी ती वाघर लावायची, म्हणजे खुंट्या ठोकून सुतळीचं जाळं ताणायची आणि त्यात कळप कोंडायची. सकाळपर्यंत तेवढ्या जागेला खत मिळे. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरके. त्याबदल्यात आमच्या घरून बाजरी जायची. बाजरी द्यायला मी जायची, म्हणून आमची ओळख.

आम्ही जैन. मेंढ्यांच्या विक्रीचं नावदेखील आमच्या घरात काढत नाहीत. माझ्या सासूबाई, चंदनबाई, मला म्हणायच्या, "त्यांच्याकडून खत घे, बाजरी दे, पण त्यांच्या बाजारात पडू नको." मी पडत नव्हते. पण त्या वर्षी बाजारच पडला.

त्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. भुसावळला गाड्या उभ्या राहिल्या. इकडचे नर आणि म्हाताऱ्या मेंढ्या वॅगनीतून मुंबईला जायच्या, ते बंद. व्यापारी बाजाराला येईनात. ठेलाऱ्यांनी उन्हाळ्यात विकायची जनावरं तशीच कळपात राहिली, आणि त्यांना खायला सडकेच्या कडेची वाळली काडीसुद्धा उरली नाही. संप मिटला तेव्हा सगळ्यांनी एकदम विकायला काढली. मग दलालांची चंगळ झाली. मगन नावाचा एक दलाल वाड्यावाड्यांतून सायकलवर फिरायचा आणि म्हणायचा, "आज देता का उद्या मेलेली देता?" असं बोलून भाव पाडायचा.

रावेरच्या स्टेशनवर केळी कुजली त्याचे फोटो पेपरात आले. यावेतच, शेतकऱ्याचं नुकसान झालं होतं. पण मेंढीचा फोटो कोण छापतो? मेंढी मरते तीही रांगेतून बाजूला होऊन, काट्याखाली, गुपचूप.

आणि तरी मदत आली. दुकानातल्या रेडिओवर मीच ऐकलं. बाजार सुरळीत होईपर्यंत मेंढपाळांनी कळप विकू नये, म्हणून सरकार डोईमागे चाऱ्याला पैसे देणार. मी पळत शेतात गेले. तानुबाई मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. मी सांगितलं. तिने काटा पूर्ण काढला, थुंकी लावली, मग विचारलं, "खरंच का हो?"

"रेडिओवर सांगितलं, तानुबाई."

"मंग मगनले सांगस, चालता व्हय." आणि हसली. तिचं हसणं मी तेव्हा शेवटचं पाहिलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती पुढेही हसली, कचेरीतही हसली. पण ते हसणं वेगळं होतं.

मोजणीला अभिमन आला. कचेरीतला कारकून, इकडचाच माणूस, बोलायला गोड. आमच्या ओट्यावर बसला, माझ्या हातचा चहा प्याला. मग शेतात जाऊन त्याने मेंढ्या पाहिल्या आणि तानुबाईला विचारलं, "अक्का, तुझ्या किती?"

तिने सांगितलं, "बारा."

"आणि या बाकीच्या?"

"नऊ बेबान्या. सात मंजुळान्या. एक देवनी."

खरं सांगितलं तिने. त्यांच्यात कळप एक असतो, पण मेंढ्या एकाच्या नसतात. सून येते ती माहेरहून मेंढी घेऊन येते, सासरचे एक पाठ, म्हणजे कोवळी मेंढी, देतात, आणि त्यांची पुढची सगळी वीण तिची. नणंद रांडावली तर तिच्या मेंढ्यांसह परत येते. प्रत्येकीची कानाला खूण वेगळी. कोणाची टोकाला चीर, कोणाची कडेला खाच. आणि एक मेंढी देवाची, खंडेरावाची. तिला विकत नाहीत, कापत नाहीत, तिची लोकर कातरत नाहीत. तिच्या कानाला खूणही करत नाहीत. सगळ्या एकत्र चरतात, एका वाघरीत बसतात, एकच कुत्रा राखतो. पण "तुझ्या किती" म्हणून विचारलं तर ठेलारी बाई आपल्याच सांगेल. दुसरीची मेंढी आपली म्हणणं म्हणजे त्यांच्यात चोरी.

अभिमनने लिहिलं: तानुबाई, बारा. कळप विसाच्या आत असेल तर मदत नाही, असा नियम होता. तो त्याला ठाऊक होता. तानुबाईला नव्हता, मला नव्हता. त्याने एका शब्दाने सांगितलं असतं तर? चहा पिऊन झाला, कप उपडा घातला, निघून गेला. वर शेरा मारला की कळपात चार तऱ्हेचे कान आहेत, तेव्हा मदतीसाठी इकडची तिकडची जनावरं गोळा केलेली दिसतात. हे आम्हाला नंतर कळलं, मदत वाटली गेली आणि तानुबाईचं नाव पुकारलं नाही तेव्हा.

ती एकटी धुळ्याला जाऊन आली. परत आली ती सरळ माझ्या दारात. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"मोठा सायेब म्हने, ज्यासन्या त्यासले आन अंगठा लावाले. मी म्हनं, देवनी एकनं काय? तो म्हने, देवले बी आन."

आणि तिथले सगळे हसले म्हणे.

मला असा राग आला की मी पीठ मळता मळता हात धुतले. सासूबाई म्हणाल्या, "कुठे निघालीस? मेंढ्यांची वकीलीण झालीस का?" मी म्हटलं, "उद्या जाईन. साहेबाने देवाला बोलावलंय, कोणीतरी सोबत पाहिजे ना." सासूबाईंनी पिठाची परात आपल्याकडे ओढली. मग म्हणाल्या, "चार दशम्या जास्त घे. त्या बायका उपाशी असतील." माझ्या नवऱ्याने, कांतीलालांनी, वहीतून मान वर केली आणि परत खाली घातली. ते त्यांचं हो म्हणणं.

तर अशी आमची वरात निघाली होती. निंबाखाली मी दशम्या सोडल्या. मंजुळाबाईने तिची अर्धी मेंढीला भरवली. बेबा पायाची बोटं चोळत होती. कोवळी पोर, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तिचा नवरा, तानुबाईचा एकुलता एक मुलगा, नंदुरबारकडे सडकेची खडी फोडायला गेला होता, कारण बाजार नाही तर घरात मीठही नाही.

मी तिथे तानुबाईला विचारलं. मनात होतं तेच विचारलं. "सगळ्या माझ्याच आहेत म्हणून सांगितलं तर काय बिघडेल? कागदापुरतं? मदत मिळेल, चारा येईल, नंतर तुम्ही आपसात वाटून घ्या."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दशमी खाली ठेवली.

"शेठाणी, कागदवरच तर गयात मन्या."

मग तिने सांगितलं. तिच्या नवऱ्याला साक्रीच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. ट्रक थांबला नाही. तेव्हा मुलगा रांगत होता. कळप मोठा होता, त्यात निम्म्या तिच्या माहेरच्या विणीच्या, तिच्या खुणेच्या. पण रानात चराईचा जो सरकारी पास होता, त्यावर सगळा कळप नवऱ्याच्या नावाने लिहिलेला. कोणी लिहिलं, कारकुनाने लिहिलं; तेव्हा कागदापुरतंच होतं. नवरा गेल्यावर दिराने तो पास पंचांपुढे ठेवला. भावाचा कळप, तो भावाचाच. पंच ठेलारीच होते, कानाची खूण ओळखणारे. पण सरकारी शिक्का पाहून त्यांनी कानाकडे पाहिलं नाही. तिला दोन लंगड्या मेंढ्या दिल्या. त्या दोघींपासून तिने बारा केल्या.

"आते मी म्हनसू बठ्ठ्या मन्या," ती म्हणाली, "मंग मी मरसू. मना पोऱ्या चांगला शे, पन तो बी कोनाना तरी भाऊ व्हई, कोनाना तरी बाप व्हई. तो कागद काढी. ह्या दोन्हीसनी काय करानं मंग?"

बेबा मान खाली घालून बसली होती. मंजुळाबाईने मेंढीच्या मानेतला एक गोखरू काढून फेकला. मी दशम्यांचं फडकं बांधलं. नवकार मंत्र पुटपुटला मनात, आणि उठले.

धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कचेरीच्या दाराशी शिपायाने मेंढीला अडवलं. मग तिच्या कपाळावरचा भंडारा पाहिला. "खंडेरावाची का?" म्हणाला, वाकला, बोटाने भंडारा घेऊन आपल्या कपाळाला लावला आणि दार उघडलं. एक तो माणूस.

आत अभिमन होता. मला पाहून उठला. "अहो वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"तुम्ही दिला म्हणून घेतला," मी म्हटलं.

साहेब पंख्याखाली होते. तानुबाई त्यांच्या टेबलापुढे गेली, मेंढीची दोरी हातात, पदर डोक्यावर. म्हणाली, "देवले लई उनू, सायेब. ही मनी सून. ही मनी नणंद. ह्या आमन्या बठ्ठ्या. आते लावा अंगठा."

खोलीत खुसखुस झाली. कोणीतरी म्हणालं, "देवाचा अंगठा कुठला घ्यायचा, पुढचा का मागचा?" मोठ्याने हसले. तानुबाईही हसली. मी वर म्हटलं ते हसणं ते. नुसते दात.

साहेब हसले नाहीत, तेवढं त्यांचं कौतुक. त्यांनी भंडाऱ्याकडे पाहिलं आणि नकळत हात जोडले. मला वाटलं, आता काम होईल. देवाला नमस्कार करणारा माणूस देवाच्या मेंढीला उपाशी कसा ठेवील?

"बाई," ते तानुबाईला म्हणाले, "नियम विसाचा आहे. धंदा करणाऱ्यासाठी मदत आहे. घरामागे चार शेळ्या बांधणाऱ्यासाठी नाही."

"मी काय करस मंग, धंदा नही करस?"

"तुमच्या नावावर बारा आहेत."

मी मध्ये पडले. "साहेब, कळप एक आहे. एकत्र चरतो, एकत्र बसतो. माझ्या शेतात बसतो, मी रोज बघते. एकोणतीस तोंडं एकाच चाऱ्यावर आहेत. मालकी चौघांची आहे म्हणून भूक चार ठिकाणी वाटली जाते का?"

"तुमचं यांच्याशी नातं काय?"

"माझ्या शेताला यांच्या मेंढ्यांचं खत आहे."

"मग शेठजींना सांगा ना, चारा द्यायला." आणि पुन्हा ती खुसखुस.

मला तेव्हा काय काय सुचलं ते इथे लिहीत नाही. माझ्या धर्मात क्रोधाला वाईट म्हटलं आहे आणि मी त्याचं प्रतिक्रमण, म्हणजे पश्चात्ताप, दर वर्षी करते. पण त्या खोलीतल्या क्रोधाचं मला अजून करता आलेलं नाही. सरकारने तिजोरी उघडली होती. मेंढ्यांसाठीच उघडली होती. मेंढ्या दाराशी होत्या. मधे फक्त हे चार जण बसले होते, आणि त्यांच्या टेबलावर बर्फाचं पाणी होतं.

शेवटी अभिमन बाहेर आला. आमच्या मागून व्हरांड्यात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, ऐक. मी साहेबाला सांगतो मोजणीत चूक झाली. तू एवढंच म्हण, सगळ्या माझ्या. अंगठा लाव. आजच नाव चढवतो. मी तुझ्या भल्याचं सांगतो."

मी खरंच सांगते, तो भल्याचंच सांगत होता. म्हणूनच जास्त राग आला. एका बाईने खरं सांगितलं म्हणून ती उपाशी, आणि खोटं सांगितलं तर ताट वाढलेलं. आणि हे सांगणारा माणूस गोड.

बेबा पुढे झाली. कचेरीत तोंड उघडलं ते तिने एकदाच. "म्हना माय. मन्या म्हना तुमन्या. मी काही म्हनाव नही."

तानुबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. "तू नही म्हनाव. तुना पोऱ्याना चुलत काका म्हनी." मग अभिमनकडे वळली. "भाऊ, तू चहा पिना व्हता ना शेठाणीना घर? तधळ माले सांगतास, वीस पाहिजे. मी मन्या आठ आखो जनमाले घालतू."

अभिमन आत गेला. आम्ही परत फिरलो.

पांझरेच्या पुलाजवळ तिने मेंढीला पाणी पाजलं. नदीत पाणी ते कुठलं, खड्ड्यात साचलेलं. मला म्हणाली, "शेठाणी, तुमना उपास व्हयना आज. सूर्य बुडना का तुम्ही खातस नहीत ना?" माझ्या चौविहाराची तिला आठवण. मला रडू आलं, ते मी पदराने पुसलं आणि घाम पुसल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात मगन आला. सायकल आमच्या बांधाला टेकवली. तानुबाईने आपल्या बारा वेगळ्या काढल्या. मगन म्हणाला, "सगळ्या दे, भाव वाढवून देतो."

"बाकीन्या मन्या नहीत."

"कचेरीत पण हेच म्हणालीस म्हणे. अजून अक्कल आली नाही?"

"तुले इकाले बारा शेतस. लेवान्या त ले."

त्याने घेतल्या. काय भावाने ते लिहायची मला लाज वाटते, आणि लाज मला का वाटावी तेही कळत नाही. मेंढ्या जाताना ओरडल्या नाहीत. उरलेल्या ओरडल्या.

कळप मोडला. सात आणि नऊ मेंढ्यांवर वाघर लावायला शेतकरी जागा देत नाही, खत किती पडणार? बेबा आपल्या नऊ आणि मंजुळाबाईच्या सात घेऊन साक्रीकडे माहेरी निघाली, मंजुळाबाई तिच्यासोबत. तिकडे तिच्या बापाचा मोठा कळप होता, त्यात या भरती होणार होत्या. कान वेगळे, पोट एक. बेबाच्या बापाने दोघींना ठेवून घेईन म्हटलं, पण तानुबाईला नाही. सुनेच्या माहेरी सासूने राहायचं नाही, अशी रीत. ती मुलाकडे जाणार होती, नंदुरबारला, खडी फोडायला. ज्या बाईने जन्मात सडकेच्या कडेने मेंढ्या चालवल्या, ती आता सडकेवरचे दगड फोडणार होती.

निघायच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. देवाच्या मेंढीची दोरी हातात. चालून आल्यापासून मेंढीचे पाय सुजले होते, पोट खाली उतरलं होतं. साक्रीपर्यंत ती चालणार नव्हती, हे मलाही दिसत होतं. सासूबाई आतून आल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. तानुबाईने त्यांना खाली वाकून नमस्कार केला. मग दोरी माझ्या हातात दिली. मी घेतली.

"पानी पडना का मी येसू लेवाले," ती म्हणाली. "ताक नका पाजा, पानीच पाजा. पाठरू व्हयनं त त्याना कानले हात नका लावा."

"नाही लावणार."

ती पायरी उतरली. परत वळली. चेहरा उन्हात होता, डोळे बारीक केलेले.

"शेठाणी, कोनी सरकारना मानूस उना, आनि इचारं, ही मेंढी कोनानी शे, त तुमनी शे अशी म्हनू नका. मनी शे अशी बी म्हनू नका. देवनी म्हना. तो हसी. हसू द्या. पन तेवढंच लिखाले लावा त्याले."